तिच्या जागी इज्जा

श्रीरंगच्या छातीत कधीच दुखलं नव्हतं. साठी जवळ आली तरी हा माणूस रोज सकाळी अमेरिकेतल्या कॅरी गावाच्या ग्रीनवेवर, झाडीतल्या वाटेवर, पळायला जायचा आणि ऑफिसात तरुण पोरांना जिन्यावर मागे टाकायचा. तरीही ऑगस्ट संपता संपता त्याच्या बायकोने, सरलाने, मोरोक्कोत असलेल्या मुलीला फोन केला आणि म्हणाली, "सिया, बाबांना बरं नाहीये. हार्टचं काहीतरी निघालंय. तू ये."

"हार्टचं म्हणजे? किती सीरियस आहे?"

"फोनवर काय सांगू तुला? ये फक्त."

मागच्या अंगणात श्रीरंग गवत कापत होता. मशीनचा आवाज फोनवर जाऊ नये म्हणून सरलाने खिडकी आधीच लावून घेतली होती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सिंकशी उभी राहिली. आपण हे केलं, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. वाईट मात्र वाटत नव्हतं, तेव्हा तरी.

सिया त्यांची एकुलती एक. जन्मली रॅलेत, वाढली कॅरीत. कॉलेज झाल्यावर वर्षभरासाठी म्हणून व्हॉलंटियर होऊन अ‍ॅटलास पर्वतात गेली आणि तिथलीच झाली. तिथल्या बर्बर लोकांची भाषा शिकली, डोंगर पालथे घातले, आणि मग अमेरिकन बायकांचे ट्रेक त्या गावांमधून नेणारी स्वतःची छोटी कंपनी काढली. मराठी मंडळात कुणी विचारलं की श्रीरंग अभिमानाने सांगायचा. सरला म्हणायची, "अजून एखादं वर्ष करेल, मग येईल." असं म्हणण्यात सहा वर्षं गेली.

त्याच एप्रिलमध्ये सरला पहिल्यांदा लेकीकडे जाऊन आली होती. माराकेशपासून जीप, जीपचा रस्ता संपला तिथून खेचर. अक्रोडाच्या झाडांखालून पाटाचं पाणी खळाळत होतं, डोंगराला पायऱ्या पायऱ्यांनी जवाची हिरवी शेतं लागली होती, आणि वर, डोंगराच्याच रंगाची मातीची घरं अशी एकमेकांच्या खांद्यावर बसली होती, की जवळ जाईपर्यंत गाव आहे हेच कळू नये. वाटेत एके ठिकाणी पाऊलवाट कड्याच्या पोटातून जात होती. सरलाने खेचराची आयाळ घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सिया समोरच्या सुट्या दगडांच्या उतारावरून हरणासारखी उड्या मारत खाली चालली होती. वरून एक धोंडा सुटला आणि तिच्या बाजूने घरंगळत गेला. सिया हसली, हात हलवला आणि पुढे गेली. कॅरीला परत आल्यावरही सरलाला तो धोंडा दिसत राहिला.

पण खरं सांगायचं तर फोन तिने त्या धोंड्यामुळे केला नव्हता.

त्या गावात सिया फाद्मा नावाच्या विधवा बाईच्या घरी राहायची. फाद्मा सरलाच्याच वयाची, रुंद हाडाची, हनुवटीवर गोंदण असलेली. तिची मुलगी इज्जा माराकेशला एका हॉटेलात रिसेप्शनवर होती. आई येणार म्हणून सियाने तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ती दिवसा कामावर असताना आईला फाद्माशी बोलायला मध्ये कुणीतरी असावं म्हणून. इज्जाला इंग्लिश झकास यायचं. सरलाने जवाच्या पिठाची भाकरी थापून दाखवली तेव्हा शेजारच्या बायका जमल्या, आणि इज्जाने पदर खोचल्यासारखं करून सरलाची अशी हुबेहूब नक्कल केली की हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. पोरगी सरलाला फार आवडली. आवडलं नाही ते दुसरंच. संध्याकाळी सिया दमून आली की फाद्माच्या मांडीवर डोकं टाकायची, आणि फाद्मा तिच्या केसांतून हात फिरवत म्हणायची, "इल्ली."

"इल्ली म्हणजे काय गं?" सरलाने विचारलं.

"माझी मुलगी," सिया डोळे मिटूनच म्हणाली.

सरला हसली. चहाचा पेला उचलला. वयात आल्यापासून सियाने आपल्या मांडीवर डोकं ठेवल्याचं तिला आठवेना.

*

सप्टेंबर लागताच सिया आली. एअरपोर्टवर तिला घ्यायला श्रीरंगच गेला होता, कारण सरलाने त्याला एवढंच सांगितलं होतं की पोरगी अचानक येतेय, सरप्राइज. बाप लेक घरी पोचले तेव्हा गाडीतच सगळं उघड झालेलं होतं. श्रीरंग मान खाली घालून सामान वर घेऊन गेला. सिया किचनच्या दारात उभी राहिली.

"आई, यू लाइड."

"अगं, ऐकून तर घे..."

"मी माझा ग्रुप सोडून आलेय. सहा बायका आहेत. माझ्या जागी ग्रुप सांभाळायला इज्जाला मी अक्षरशः बेग केलं. तिने सुट्टी टाकली, भांडून टाकली, कारण मी तिला सांगितलं की माझे बाबा मरतील कदाचित. विमानात मी रडत होते, आई. शेजारचा माणूस मला नॅपकिन देत होता."

"तू साध्या बोलावण्याने आली असतीस का?"

"नो! बिकॉज आय हॅव अ जॉब!"

श्रीरंग सकाळी सरलाला एवढंच म्हणाला, "माझं आजारपण तरी मला विचारून काढायचं होतंस."

सिया लगेच परत निघणार होती, पण बापाने गळ घातली. आलीच आहेस तर हा वीकेंड माझ्यासाठी राहा. म्हणून सोमवारचं तिकीट काढलं गेलं. आईशी ती कामापुरतं बोलत होती. सरलाला त्यातही सुख होतं. पोरगी वरच्या खोलीत झोपली आहे, शॉवरचा आवाज येतो आहे, टॉवेल जिन्याच्या कठड्यावर पडला आहे. ती तो टॉवेल उचलायची आणि घडी करताना तिला बरं वाटायचं. राग काय, आज ना उद्या उतरेल.

शुक्रवारी संध्याकाळी निधी आली होती. निधी दोन घरं सोडून राहायची, मंडळाची सेक्रेटरी. मंडळाच्या गणपतीला मोदक करायचे होते, म्हणून दोघी सारणाचं प्रमाण बघत होत्या. घरभर गूळ खोबऱ्याचा वास सुटला होता. सिया काउंटरशी बसून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती. तिचा फोन वाजला, मग पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला.

तिने तो उचलून बघितला आणि उभी राहिली. स्टूल मागे आडवं झालं.

"काय झालं?"

"अर्थक्वेक. माराकेशला. नाही, डोंगरात. आमच्या डोंगरात."

त्यानंतर सियाने किती फोन लावले याला गणती नाही. इज्जाचा लागेना. फाद्माचा लागेना. गावातल्या कुणाचाच लागेना. माराकेशचे मित्र म्हणत होते, आम्ही रस्त्यावर आहोत, वरची काही खबर नाही, दरडी कोसळून रस्ते बंद झालेत. टीव्हीवर तेच तेच चित्र फिरत होतं, धुळीने भरलेली गल्ली आणि पळणारी माणसं. श्रीरंग लेकीच्या मागे खुर्ची घेऊन बसून राहिला. सरलाने तिच्यासमोर वरणभात ठेवला, तो निवला. तिने तो उचलून पुन्हा गरम करून ठेवला.

खबर आली ती रविवारी दुपारी. इज्जाचा एक मामा पायी वर पोचला होता आणि खाली रेंज मिळेल तिथपर्यंत येऊन त्याने फोन केला. सिया त्यांच्या भाषेत बोलत होती, त्यामुळे सरलाला शब्द कळले नाहीत. पण मध्येच सिया खाली फरशीवर बसली, आणि काय ते कळलं.

सहा अमेरिकन बायका गावाच्या वरच्या खळ्यावर तंबूत झोपल्या होत्या. त्यांना ओरखडासुद्धा आला नव्हता. फाद्मा व्यायला झालेल्या शेळीपाशी बाहेर गोठ्यात होती, तीही वाचली. इज्जा घरात होती. सिया नेहमी झोपते त्या खोलीत, सियाच्या अंथरुणावर. छत आणि वरच्या घराची भिंत, दोन्ही त्या खोलीवर आली. तिला शनिवारीच पुरलं होतं.

सियाने हे सगळं इंग्लिशमध्ये, एका सुरात सांगितलं. ते ऐकताना सरलाच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. माझी पोर इथे होती. इथे, या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. छातीत आनंदाचा असा उमाळा आला की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आणि त्याच क्षणी सियाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो आनंद सरलाच्या चेहऱ्यावर दिसला असणार. लेकीच्या नजरेवरून ते तिला समजलं.

*

बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. बायका भेटायला येऊ लागल्या. सरलाने फोनवर कुणालातरी अर्धवट काहीतरी सांगितलं होतं, "मीच बोलावून घेतलं हो तिला," आणि त्या अर्ध्याचं लोकांनी पूर्ण करून टाकलं होतं.

निधी सरलाचा हात हातात घेऊन म्हणाली, "सरलाताई, आईच्या मनाला आधी कळतं बघा. देवानेच बुद्धी दिली तुम्हाला."

सिया जिन्यावर उभी होती. सोमवारचं तिकीट रद्द झालं होतं. डोंगरात जायला वाटच नव्हती, आणि आता कुठे पुढच्या आठवड्याचं मिळालं होतं.

"निधीकाकू," ती म्हणाली, "देवाने बुद्धी दिली, मग इज्जाला तिथे कोणी पाठवलं?"

निधी गोंधळली. "अगं, तसं नाही बाळा..."

"मी पाठवलं. आणि मला आईने बोलावलं. देवाला कशाला मध्ये घेता?"

ती वर निघून गेली. निधीने सरलाकडे पाहिलं. सरलाने पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. त्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांना श्रीरंगच दारातून परत पाठवू लागला.

मग एके सकाळी फाद्माचा फोन आला. गावाला कुणीतरी बॅटरीवर चालणारा मोबाइलचा टॉवर आणून बसवला होता. सिया डायनिंग टेबलाशी बसून बोलत होती. बोलत कसली, रडतच होती, आणि पलीकडून फाद्माचा जाड, थकलेला आवाज येत होता. तिच्या बोलण्यात मधूनमधून "इल्ली" ऐकू येत होतं. मग फोनवर हात ठेवून सियाने आईकडे बघितलं.

"ती विचारतेय, बाबा कसे आहेत."

सरलाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तिची मुलगी गेलीय, घर गेलंय, ती प्लास्टिकखाली झोपतेय. आणि ती विचारतेय, तुझे बाबा आता बरे आहेत ना? ऑपरेशन झालं का? मी काय सांगू?"

सरला म्हणाली, "खरं सांग. म्हणावं, आईने खोटं सांगितलं होतं."

"मी? मी सांगू?" सियाचा आवाज चिरका झाला. "आज? तिला आज हे सांगू की तिची मुलगी काहीच कारण नसताना मेली?"

तिने हात काढला आणि फोनमध्ये हळूच काहीतरी म्हणाली. पलीकडे फाद्माने देवाचं नाव घेतलं. तेवढं सरलाला समजलं. बाबा बरे आहेत हे ऐकून ती देवाचे आभार मानत होती.

दोन दिवसांनी सिया गेली. एअरपोर्टवर तिने श्रीरंगला घट्ट मिठी मारली. सरलालाही मारली, पण ती लगेच सुटली.

*

तो हिवाळा सरलाला फार जड गेला. सियाचे फोन श्रीरंगला यायचे. ती आता ट्रेक नेत नव्हती. तंबू, चुली, ब्लँकेटं वर पोचवण्याची कामं करत होती आणि फाद्माच्याच तंबूत राहत होती. रविवारच्या मराठी शाळेत सरला पोरांना बाराखडी शिकवायची आणि मध्येच खडू हातात धरून नुसती उभी राहायची. झोपेत तिला इज्जा दिसायची, पदर खोचून भाकरी थापणारी. तिचं एकच म्हणणं होऊन बसलं. आपण जाऊन फाद्माला स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

"कशासाठी?" श्रीरंगने विचारलं. "तिच्यासाठी की तुझ्यासाठी?"

"खरं ते तिला कळायला नको?"

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतेस," तो म्हणाला, पण तिकीट काढून दिलं.

मार्चमध्ये ती गेली. सियाला फक्त येतेय एवढंच कळवलं होतं. या खेपेला खेचर नव्हतं. गुडघ्यांची पर्वा न करता सरला चालत वर गेली. अक्रोडांना नुकती पालवी फुटत होती. पाटाचं पाणी वाहत होतं. वर जिथे गाव होतं तिथे डोंगराच्याच रंगाचा ढीग होता, आणि त्याच्या बाजूला ओळीने तंबू. फाद्माने तिला पाहिलं, पुढे येऊन दोन्ही गालांचे मुके घेतले, आत बसवलं, पुदिन्याचा चहा केला. ती निम्म्याने वाळली होती. पेला पुढे करता करता तिने पुन्हा तेच विचारलं. श्रीरंगची तब्येत.

सरलाने वाक्य पाठ करून आणलं होतं. माराकेशच्या गेस्टहाउसमधल्या बाईकडून तिने ते त्यांच्या भाषेत शिकून घेतलं होतं, पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं होतं. ते आजारी नव्हते. मी मुलीशी खोटं बोलले.

"आई, नको," सिया मराठीत म्हणाली. तिला अंदाज आला होता. "प्लीज, नको."

सरलाने सांगून टाकलं.

फाद्मा तिच्याकडे बघत राहिली. उच्चार नीट जमला नसावा असं वाटून सरला पुन्हा सांगू लागली, तेव्हा फाद्माने हात वर करून तिला थांबवलं. मग ती सरलाकडे पाठ करून सियाकडे वळली आणि तिने एकच प्रश्न विचारला. सियाने मान खाली घातली आणि होकार दिला.

फाद्मा उठली आणि तंबूबाहेर गेली.

"काय विचारलं तिने?"

सियाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "विचारलं, तुला माहीत होतं का? इतके महिने? माझ्या ताटात जेवत होतीस तेव्हा?"

सरलाने तोंडावर हात ठेवला. हा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. तिने स्वतःची मान पुढे केली होती, आणि घाव लेकीच्या मानेवर बसला होता.

संध्याकाळी इज्जाचा मामा आला आणि ओशाळून म्हणाला, फाद्माला काही दिवस एकटीला राहू दे. सियाने सामान भरलं. दोघी अंधार पडायच्या आत उतरायला लागल्या. वाटेत एका वळणावर सरलाचा गुडघा मुरगळला आणि ती खालीच बसली. सियाही शेजारी बसली.

"मला हलकं व्हायचं होतं," सरला म्हणाली. "तुझ्या बाबांनी विचारलं होतं मला. मी उत्तर दिलं नाही."

"मला कधीतरी सांगायचंच होतं तिला," सिया म्हणाली. "रोज वाटायचं, आज नको. तिने इल्ली म्हटलं की वाटायचं, आज नको." मग एकदम चिडून, "पण ते माझं होतं, आई! ते कधी सांगायचं हे मी ठरवणार होते."

"हो."

"यू कीप डूइंग धिस."

"हो," सरला म्हणाली. सियाने थोड्या वेळाने तिचा हात खांद्यावर घेतला आणि दोघी पायाखालची वाट बघत सावकाश उतरल्या.

सरला कॅरीला परतली. सिया खालच्या गावात भाड्याची खोली घेऊन राहिली आणि रोज वर कामाला जात राहिली. फाद्मा समोरून आली तरी बोलायची नाही. एप्रिल गेला, मे गेला. आता फोन सरलालाही यायचे, दोन चार मिनिटांचे, आणि सरला काही विचारायची नाही. ये म्हणायची नाही. ऐकायची. सियाला ते नवीनच होतं, कधीकधी ती बोलता बोलता थांबून विचारायची, "आर यू देअर?"

जूनमध्ये एका रविवारी सकाळी सरला शाळेत फळा पुसत होती तेव्हा फोन आला. फाद्माच्या घराची नवी भिंत चढवायला घेतली होती. आदल्या दिवशी सिया नेहमीसारखी दगड वाहत होती. फाद्मा आली, तिच्या हातातला दगड तिने काढून घेतला, उलटा केला आणि तिच्याकडून पुन्हा लावून घेतला.

"काही बोलली?"

"म्हणाली, असा नाही, असा." सिया थांबली. "इल्ली नाही म्हणाली."

"आणि?"

"मग दिवसभर तिच्याच बाजूला काम केलं. जेवायला तिने भाकरी मोडून दिली." मग, "तुझं नाव तिने काढलं नाही, आई. काढेल असं वाटत नाही."

"नको काढू दे," सरला म्हणाली.

वर्गात पोरं येऊ लागली होती. कुणाच्या बॅगा, कुणाच्या पाण्याच्या बाटल्या बाकांवर आपटत होत्या. सरलाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून हातोड्याचे ठोके ऐकू येत होते, आणि त्यांच्या वरून कुणीतरी बाई मोठ्याने सियाला हाक मारत होती.

"जा," सरला म्हणाली. "बोलावतायत तुला."